परतीची तरतूद

गिरिशिखरावरील विजयाची कथा आपण बहुधा तिच्या शेवटच्या दिवसापासून ऐकावयास आरंभ करतो. पहाटेचा अंधार, तंबूच्या कापडावर गोठलेले हिम, एका दोराला बांधलेली दोन माणसे आणि अखेर वाऱ्यावर फडफडणारे निशाण! हे चित्र खोटे नाही, परंतु ते फार अपुरे आहे. ती दोन माणसे त्या जागी कशी पोचली, याचे उत्तर बर्फात कमी आणि कागदावर अधिक सापडते. याद्या, अंदाजपत्रके, परवाने, रेल्वेच्या पावत्या आणि मजुरीचे हिशेब यांत ते दडलेले असते. वीसएक वर्षे सरकारी कचेरीत काढलेल्या माझ्यासारख्या माणसाची नजर मोहिमांचे वृत्तान्त वाचताना शिखराकडे जाण्यापूर्वी शेवटच्या परिशिष्टांकडे वळते, यात नवल ते काय? त्या परिशिष्टांचाच इतिहास आज मला श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे. मोहिमेची आखणी म्हणजे केवळ वर जाण्याचा बेत नव्हे. ती परतीची तरतूद होय. आणि ही तरतूद कोणाकोणासाठी केली गेली, यावरून त्या त्या काळाची नीती ओळखता येते.

मी राहतो ते भनपुरी रायपूर शहराच्या उत्तर अंगाला, बिलासपूरच्या रस्त्यावर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवरचा हा सपाट, भाताचा मुलूख. जवळपास कारखाने, गुदामे आणि मालमोटारींच्या रांगा. येथे बसून हिमालयाच्या गोष्टी सांगणे कोणास विचित्र वाटेल. परंतु हिमालयाची उंची माणसाला कळली ती मैदानातूनच. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला. दक्षिणेकडून एकेक त्रिकोण जोडीत ते काम उत्तरेकडे सरकत होते. हैदराबादहून नागपूरकडे येत असता, २० जानेवारी १८२३ रोजी, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्बटनचा अंत झाला. त्याची कबर आजही तेथे आहे. हिंगणघाट आणि रायपूर ही दोन्ही गावे १९५६ पर्यंत एकाच राज्यात होती, हेही जाता जाता लक्षात घ्यावे. लॅम्बटनचे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले. त्याच्यानंतर, तराईच्या मैदानातून, शंभर मैलांहून अधिक अंतरावरून, ज्या शिखराचे वेध घेतले गेले, त्याच्या उंचीच्या गणितात राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचा मोठा वाटा होता. १८५६ मध्ये ती उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. शिखराला नाव मिळाले ते निवृत्त झालेल्या साहेबाचे. तराईच्या हिवतापात मोजणीची यंत्रे खांद्यावर वाहणाऱ्या खलाशांची नावे मात्र कोणाच्या तोंडी राहिली नाहीत. पुढील शंभर वर्षांचा इतिहास या एकाच प्रसंगात बीजरूपाने सामावला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या भाषेत ‘वाटाड्या’ असा एक सुंदर शब्द आहे. सह्याद्रीच्या घाटांत परक्या माणसाला वाट दाखविणारा धनगर किंवा महादेव कोळी हा वाटाड्या. डोक्यावर किंवा पाठीवर ओझे वाहतो तो हमाल. ही दोन कामे मराठीने निरनिराळी मानली आहेत. मग ती कधीकधी एकच माणूस करीत असला तरी. युरोपातील आल्प्स पर्वतातही हा भेद लवकर स्थिर झाला. ८ ऑगस्ट १७८६ रोजी माँ ब्लाँ या शिखरावर प्रथम दोघे पोचले. त्यांपैकी मिशेल पाकार हा वैद्य होता आणि जाक बाल्मा हा डोंगरात स्फटिक शोधणारा रहिवासी. पुढे १८२० मध्ये याच शिखरावर हिमलोट कोसळून तीन वाटाडे दगावले. दुसऱ्याच वर्षी शामोनी गावच्या वाटाड्यांनी आपला संघ स्थापन केला. कोणी कोणाबरोबर जावे, मोबदला किती असावा आणि संकटात सापडलेल्या वाटाड्याच्या कुटुंबाला मदत कशी करावी, याचे नियम त्यांनी घालून दिले. म्हणजे आल्प्समध्ये वाटाड्या हा आपल्या धंद्याचा धनी झाला. हिमालयात मात्र तसे घडावयास फार काळ लागला.

हिमालयातील पहिल्या मोठ्या मोहिमा लष्करी पद्धतीच्या होत्या. अलेक्झांडर केलास या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने सिक्कीमच्या डोंगरांत हिंडताना शेर्पा माणसांची शक्ती आणि निष्ठा ओळखली होती. १९२१ च्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेत तिबेटमध्ये वाटेतच त्याला मृत्यू आला. पुढल्याच वर्षी, जनरल चार्ल्स ब्रूस यांच्या नेतृत्वाखाली, दुसरी मोहीम निघाली. प्राणवायूची नळकांडी प्रथमच वापरून जॉर्ज फिंच आणि जेफ्री ब्रूस २७,००० फुटांच्या वर पोचले, ही त्या मोहिमेची कीर्ती. तिची दुसरी बाजू ७ जून १९२२ ची आहे. ताजे बर्फ पडले असतानाही, आणखी एक प्रयत्न करावा म्हणून, एक तुकडी नॉर्थ कोल नावाच्या खिंडीकडे निघाली आणि वरून हिमलोट आला. सात हमाल त्यात गेले. तुकडीतले तिन्ही साहेब वाचले. त्या तिघांपैकी हॉवर्ड सॉमरव्हेल हा शल्यवैद्य होता. आपल्यापैकी एक जण तरी त्यांच्या मरणाचा वाटेकरी व्हावयास हवा होता, अशी खंत त्याने पुढे लिहून ठेवली. तोच सॉमरव्हेल नंतर त्रावणकोरातील नेय्यूरच्या रुग्णालयात वर्षानुवर्षे गोरगरिबांवर शस्त्रक्रिया करीत राहिला. मोहिमेच्या आखणीत तंबू, दोर आणि शिधा या सर्वांचा हिशेब होता. माणूस गमावण्याची शक्यता हिशेबात धरली गेली नव्हती, असे नाही. पण तो माणूस कोणता असेल, हे जणू गृहीत धरले होते.

१९२८ मध्ये हिमालयन क्लबाची स्थापना झाली. दार्जिलिंगला या क्लबाने शेर्पांच्या नोंदी ठेवावयास प्रारंभ केला. प्रत्येकाच्या नावाची वही, तीत त्याने कोणत्या मोहिमेत काय केले याचा शेरा, आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस उत्तम कामगिरीबद्दल ‘टायगर’ हे पदक! कचेरीतील माणूस याचे मोल जाणतो. नोंदवहीत नाव चढणे म्हणजे माणूस म्हणून अस्तित्व मान्य होणे. परंतु नोंदवही म्हणजे तरतूद नव्हे. १९३४ मध्ये नंगा पर्वतावर विली मर्कल याच्या जर्मन मोहिमेने ते दाखवून दिले. पाच आरोहक आणि अकरा शेर्पा असे सोळा जण एकाच वेळी सर्वांत वरच्या छावणीत जाऊन बसले. मधल्या छावण्यांत मदतीला माणसे नव्हती. वादळ सुरू झाले आणि खाली येताना मर्कलसह तीन जर्मन आणि सहा शेर्पा हिमात नाहीसे झाले. गायले नावाचा शेर्पा खाली उतरू शकला असता, असे मानले जाते. तो आपल्या नेत्यापाशी राहिला. त्याच्या निष्ठेचे गोडवे पुष्कळांनी गायिले. पण निष्ठेवर भार टाकावा लागतो, तेथे आखणी तोकडी पडलेली असते, हे कटू सत्य त्या स्तुतीत झाकले जाते.

मग आखणी उत्तम म्हणजे कशी? यासाठी १९५३ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेकडे पाहावे लागते. कर्नल जॉन हंट यांनी आपला बेत उलट्या दिशेने रचला. शिखरावर जाणाऱ्या दोघांना शेवटच्या छावणीत काय लागेल, हा पहिला प्रश्न. एक तंबू, एका रात्रीचा शिधा आणि ठराविक प्राणवायू. हे सर्व तेथे नेऊन ठेवणाऱ्यांना त्याखालच्या छावणीत जागा आणि अन्न हवे. त्यांना ते पोचविणारे आणखी खाली हवेत. असे उतरत उतरत हा हिशेब पायथ्यापर्यंत आला की त्याचे रूप सुमारे साडेतीनशे हमाल, प्रत्येकाच्या पाठीवर साठ पौंडांचे ओझे आणि वीस शेर्पा असे होते. येथे भनपुरीच्या रस्त्यावर मालमोटार भरणारा कोणताही हमाल हे तत्त्व जाणतो. जो माल शेवटच्या गावी उतरवावयाचा, तो सर्वांत आधी आणि सर्वांत आत चढवावा लागतो. हंट यांच्या मोहिमेत वरच्या छावण्यांसाठीचा शिधा निर्वात पाकिटांत, माणशी आणि दिवसागणिक, आधीच बांधलेला होता. विरळ हवेत बोटे बधिर होतात आणि बुद्धीही मंदावते; म्हणून जो विचार खाली करता येतो तो वर ठेवावयाचा नाही.

दुसरी गोष्ट सवयीची. ८,००० मीटरांच्या वर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे एक तृतीयांश उरतो. शरीराला त्याची सवय हळूहळूच लागते. दिवसा उंच जावे आणि रात्री खाली येऊन झोपावे, हा त्यातला जुना नियम. हंट यांनी प्रत्यक्ष चढाईपूर्वी जवळपास तीन आठवडे याच सरावासाठी राखून ठेवले होते. तिसरी गोष्ट राखीव शक्तीची. २६ मे रोजी टॉम बोर्डिलन आणि चार्ल्स इव्हान्स दक्षिण शिखरापर्यंत जाऊन परतले. त्याच दिवशी स्वतः हंट आणि दा नामग्याल शेर्पा यांनी २७,३५० फुटांवर सामान नेऊन ठेवले. दोन दिवसांनी जॉर्ज लो, आल्फ्रेड ग्रेगरी आणि आंग न्यिमा यांनी तेनसिंग व हिलरी यांच्याबरोबर तेच सामान उचलून आणखी वर नेले. २९ मेच्या सकाळी शिखरावर दोघे उभे होते हे जगाला ठाऊक आहे. दा नामग्याल आणि आंग न्यिमा ही नावे किती जणांना ठाऊक आहेत?

तरीही या मोहिमेच्या आखणीत एक उणीव राहिलीच. काठमांडूला मोहीम जमली तेव्हा शेर्पांची निजण्याची सोय ब्रिटिश वकिलातीच्या मोटारी ठेवण्याच्या जागेत करण्यात आली. शेर्पांना तो अपमान वाटला आणि त्यांनी आपला रोष उघडपणे दाखविला. विजयानंतर हंट आणि हिलरी यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. तेनसिंग यांना जॉर्ज पदक. वर्षभरापूर्वी स्विस मोहिमेत तेनसिंग हे आरोहक सभासद म्हणून रेमाँ लांबेर यांच्या बरोबरीने सुमारे २८,२०० फुटांपर्यंत गेले होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे वाटाड्या आणि हमाल यांतील भेद जगाने किती अनिच्छेने मान्य केला ते कळते.

स्वतंत्र भारताने या बाबतीत एक महत्त्वाचे पाऊल उचलले. ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंगला हिमालयन गिर्यारोहण संस्था सुरू झाली. तेनसिंग हे तेथे प्रत्यक्ष शिक्षणाचे संचालक झाले. काल ज्याच्या पाठीवर ओझे होते, तो आज शिक्षक झाला! संस्थेचे पहिले प्राचार्य मेजर नरेंद्र जयाल. १९५८ मध्ये मुंबईच्या केकी बनशा यांच्या नेतृत्वाखाली चो ओयू शिखरावर भारतीय मोहीम गेली, तीत जयाल सामील झाले होते. पुढे गेलेल्या तुकडीला गाठण्यासाठी ते वेगाने वर चढले, उंचीने त्यांना ग्रासले आणि त्यांचा अंत झाला. इतका जाणता माणूसही सवयीच्या नियमाला अपवाद ठरला नाही. त्या मोहिमेत १५ मे रोजी सोनम ग्यात्सो आणि पासांग दावा लामा शिखरावर पोचले; पण आखणीचा धडा म्हणून जयाल यांचा मृत्यू अधिक बोलका आहे.

त्यानंतर एव्हरेस्टवर भारताच्या तीन मोहिमा झाल्या. १९६० मध्ये ब्रिगेडियर ग्यान सिंग यांच्या मोहिमेतील तिघे २८,३०० फुटांवरून माघारी फिरले. १९६२ मध्ये मेजर जॉन डायस यांच्या मोहिमेतील तिघे २८,६०० फुटांवरून फिरले. शिखर नजरेच्या टप्प्यात असता मागे वळणे हे पुष्कळांना अपयश वाटले. माझ्या मते १९६५ च्या यशाचा पाया याच दोन माघारींनी घातला. कमांडर मोहनसिंग कोहली हे १९६२ च्या त्या तिघांपैकी एक होते. १९६५ च्या मोहिमेचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. २१ सभासद, सुमारे ५० शेर्पा, २५ टन सामान आणि बिहारमधील जयनगर या रेल्वे स्थानकापासून पुढे सुमारे ८०० हमाल असा तो पसारा होता. एप्रिलच्या अखेरीस हवा बिघडली तेव्हा कोहली यांनी सर्वांना खाली आणून विश्रांती दिली आणि वाट पाहिली. मग २० मे ते २९ मे या दहा दिवसांत चार तुकड्यांतून नऊ जण शिखरावर पोचले. त्या नवांत नवांग गोम्बू, आंग कामी आणि फू दोर्जी हे तीन शेर्पा होते. गोम्बू तर जगात दोनदा एव्हरेस्ट चढणारे पहिले गृहस्थ ठरले. नामावलीचा रंग किती पालटला होता पाहा.

महाराष्ट्रात ही विद्या सह्याद्रीच्या कड्यांवर वाढली. १९५४ मध्ये मुंबईत ‘गिरिविहार’ संस्था निघाली. तिने १९८८ मध्ये कांचनगंगेसारख्या दुर्धर शिखरावर मोहीम नेली आणि त्या मोहिमेत संजय बोरोले हा आपला तरुण सभासद गमावला. १९९८ मध्ये हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण हे तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोचले आणि तेथे पोचणारे पहिले महाराष्ट्रीय ठरले. पुढे पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली, लोकांकडून देणग्या गोळा करून, २०१२ ची एव्हरेस्ट मोहीम उभारली. सरकारी वा लष्करी पाठबळावर नव्हे, तर नोकरी-व्यवसाय सांभाळणाऱ्या मध्यमवर्गीय माणसांच्या बळावर! १९ मे २०१२ रोजी तिचे आठ सभासद शिखरावर पोचले. त्याच दोन दिवसांत शिखराच्या वाटेवर इतकी गर्दी झाली की निरनिराळ्या मोहिमांतील चार परदेशी आरोहक प्राणास मुकले. ‘गिरिप्रेमी’चे रमेश गुळवे यांना मोहिमेच्या काळात पक्षाघाताचा झटका आला, त्यांना खाली आणण्यात आले, पण ते वाचू शकले नाहीत. २०१९ मध्ये याच संस्थेचे दहा सभासद कांचनगंगेवर पोचले. आमच्या छत्तीसगडातील बस्तरच्या नैना सिंह धाकड २०२१ मध्ये एव्हरेस्टवर गेल्या. सपाट प्रदेशातील माणसांना ही वाट आता बंद राहिलेली नाही.

वाट खुली झाली ती एका नव्या व्यवसायामुळे. आज परवाना, तंबू, स्वयंपाक, प्राणवायू, वरपर्यंत बांधलेले दोर आणि सोबतीला शेर्पा वाटाड्या हे सर्व पैसे देऊन मिळते. नेपाळ सरकारने वसंत ऋतूतील एव्हरेस्टचा परवाना सप्टेंबर २०२५ पासून ११,००० डॉलरांवरून १५,००० डॉलरांवर नेला. जो काल हमाल होता तो आता खराखुरा वाटाड्या झाला आहे. किंबहुना पुष्कळशा व्यवस्थासंस्थांचा मालकही शेर्पाच आहे. शामोनीला १८२१ मध्ये जे घडले ते हिमालयात उशिरा का होईना घडत आहे. परंतु संकटाची वाटणी अजून समान झालेली नाही. गिऱ्हाईक खुंबूच्या हिमप्रपातातून मोजक्या वेळा जातो. त्याचे सामान वाहणारा मात्र अनेक वेळा जातो. १८ एप्रिल २०१४ च्या सकाळी याच हिमप्रपातात बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि सोळा नेपाळी कामगार ठार झाले. मृतांच्या कुटुंबांना सरकारने तातडीची मदत म्हणून चाळीस हजार नेपाळी रुपये जाहीर केले, तेव्हा शेर्पांनी काम थांबविले आणि नेपाळच्या बाजूची त्या वर्षीची चढाई जवळजवळ बंद पडली. त्यानंतर त्यांच्या विम्याची रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपयांवर नेण्यात आली. १९२२ च्या सात आणि २०१४ च्या सोळा मृत्यूंमध्ये ब्याण्णव वर्षांचे अंतर आहे. फरक एवढाच की यावेळी वाहणाऱ्यांनी स्वतःच आपला हिशेब मागितला.

श्रोतेहो, आता आपल्यापैकी कोणाचा मुलगा वा मुलगी अशा मोहिमेला निघाली, तर आपण काय विचारावे? शिखर किती उंच आहे हे ती आपणहून सांगेल. आपण विचारावे की सवयीसाठी किती दिवस ठेवले आहेत. किती वाजता, शिखर दिसत असले तरी, मागे फिरावयाचे ठरले आहे. तो निर्णय कोणाचा आणि तो पाळला जाईल ना. राखीव प्राणवायू कोणत्या छावणीत आहे. आणि शेवटी हेही विचारावे, की जो शेर्पा तुझ्या पुढे दोर बांधीत जाणार आहे त्याचे नाव काय, त्याचा विमा किती, आणि तो खाली येईल याची व्यवस्था कोणी केली आहे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्या यादीत सापडत नाही, ती यादी पुन्हा लिहावयास लावावी. मग निघण्यास एखादा आठवडा उशीर झाला तरी चालेल. शिखर पुढल्या वर्षीही तेथेच असते.